खो

शाळेमागच्या काळ्या मैदानावर आठजणी उकिडव्या,
एकीचं तोंड बाभळीकडे, एकीचं पाण्याच्या टाकीकडे.
पाठीवर थाप पडली: खो!
आणि मी उठलेच नाही.

उठायचं ठरलं होतं. डोक्यानं सांगितलं, मांडीनं ऐकलं,
आणि ऐकता ऐकताच दगड झाली.
अर्धी उठलेली मी
पाटीवरून घसरलेल्या भोपळ्यासारखी नाकावर.
"काऊन वं, झोपली व्हती का?" रत्नकला ओरडली.
गावंडे सर म्हणाले, अंग पैलवानाचं अन् जीव उंदराचा.
मग रागानं मैदानाभोवती पळवलं,
तर तिसऱ्या फेरीला मी सगळ्यांच्या पुढे.
हे कोणाच्याच हिशेबात बसेना.

घरी बाबा होते.
कुऱ्हाडीचा दांडा हातातून सुटेस्तोवर
सरपणाकडे बघत उभे राहणारे.
काशीरामच्या दुकानात नोटेचं एक टोक काशीरामकडे,
एक बाबांकडे,
आणि मधे बाबांचं ओशाळं हसू.
गावानं नाव पाडलं: चिकट भाऊराव.
देवळाच्या कळसाची वर्गणी त्यांनी पहिली दिली,
त्या वर्षीही तेच नाव.

मी चाळिशी ओलांडली तेव्हा नागपूरच्या मेडिकलमध्ये
अंगठ्याच्या मुळाशी सुई टोचली.
डब्यातून आवाज आला,
धुऱ्यावरून कोणी लुना चढावर नेतंय तसा,
चढतो, उतरतो, विझता विझता पुन्हा चढतो.
"हा तुमचा स्नायू बोलतोय," बोरीकर मॅडम म्हणाल्या.
"मी तं सुस्त बसून हाओ, मॅडम."
"तेच तर."

त्यांनी कागदावर चौकोन काढला, चौकोनाला दारं.
या दारांतून क्लोराईड आत जातं
आणि स्नायूला म्हणतं, झालं तुझं काम, आता बस.
तुमची दारं नीट उघडत नाहीत.
आखडणं जमतं. सुटणंच जमत नाही.
दहादा हालचाल केली की सैल पडतं, ते का
ते अजून पुरतं आम्हालाही माहीत नाही.
"वडलांकडे होतं का कोणाला?"

मला हसू फुटलं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, मॅडम.
विहीर खारट, बोअर खारट,
चहात दूध नासतं, डाळ शिजता शिजत नाही,
उन्हाळ्यात भुईवर पांढरं फूल येतं मिठाचं.
एवढ्या मिठात जन्म काढला
आणि मिठाचा अर्धा तुकडा
माझ्याच दाराशी ताटकळत बसला?

बाहेरच्या बाकड्यावर दर्यापूरकडची एक पोर, कल्याणी,
आई तिच्या पाठीवर थापट्या देत होती, कफ सुटावा म्हणून.
"हिचा घाम चाटून पाहा," आई म्हणाली, "लोणच्याची बरणी."
तिचंही दारच होतं म्हणे, वेगळ्या बनावटीचं,
फुप्फुसातलं, घामातलं.
मी पोरीचा हात हातात घेतला
आणि मग तो सोडायला वेळ लागला.
पोरगी काही बोलली नाही. तिनं वाट पाहिली.

आता गोळी आहे एक, मिळाली तर.
थंडीत, सकाळी, पहिली पायरी अजून परकीच.
कोणी मागून हाक मारली की मी आधी जागच्या जागी
पाय हलवून घेते, मग वळते. लोक म्हणतात, भाव खाते.

परवा दुकानाकडे निघाले.
पदराखाली मूठ मिटत होते, उघडत होते, मिटत होते,
काउंटर येईस्तोवर नोट सुटावी म्हणून.
पाचव्या-सहाव्यांदा बोटं आपोआप पसरली.
आणि रस्त्यातच थांबले.

बाबा बंडीच्या खिशात हात घालून चालायचे,
खिसा आतून हलत राहायचा काशीरामच्या ओट्यापर्यंत.
मी बोट धरून बाजूला.
मला वाटायचं,
पैसे मोजून राहिले.