दुसरी बॉडी

वाशीत, सतरा सेक्टरला, लखानींच्या दुकानात
काचेवर कोपर टेकून उभा आहे तासभर.
"थांबा," ते म्हणतात, "दिवाळीनंतर नवीन येतोय.
अंधारात बघतो मांजरासारखा,
डोळा ओळखतो, पापणी ओळखतो.
आत्ता घेतलात तर दोन महिन्यांत शिळा."
दुकानदारच थांबा म्हणतो तेव्हा
गिऱ्हाइकानं काय करायचं असतं
हे मला कुणी शिकवलं नाही.

माझ्या कॅमेऱ्याच्या शटरला
कंपनीनं दोन लाखांचं आयुष्य लिहून दिलंय.
तो तीन लाख बारा हजारांवर आहे.
पकडीचं रबर सुटतं, मी चिकटवतो.
दर लग्नाच्या आदल्या रात्री थोडी हळद
चाकाच्या दातऱ्यांत जाऊन बसते.
घणसोली, गोठिवली, तळवली,
कितव्या नवरीची कुठली,
तो उघडणाऱ्या कारागिरालाही सांगता यायचं नाही.

मे महिन्यात, सारसोळ्याला,
भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं,
अंतरपाट खाली आला
आणि मी बटण दाबलं.
बँजो वाजला, फटाके वाजले, कुणाची तरी शिट्टी वाजली.
खट् तेवढं वाजलं नाही.
बॅटरी काढली, घातली, फुंकर मारली,
लहानपणी खरचटलेल्या गुडघ्यावर मारायचो तशी.
मग चालू झाला, काही झालंच नाही अशा थाटात.
तोवर हार पडले होते.

"जरा पुन्हा धरता का पाट?" मी विचारलं.
"मंगलाष्टकं दोनदा नसतात," म्हणत
भटजी हात धुवायला गेले.
एक टोक मामानं धरलं,
दुसरं भूपेशनं, माझ्या पोऱ्यानं.
नवरीला हसू आवरेना.
तोच फोटो सगळ्यांत चांगला आला.
चार फूट बाय तीन, त्यांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या वर.
त्या घरी चहाला गेलो की मी
त्याच्याकडे पाठ करून बसतो.

आई म्हणते, "नवा येल, त्याचे मागशी अजून नवा येल.
तुझा बापूस बी साडेबारा टक्क्याची वाट बगत ऱ्हायला.
पलाट आला तवा तो नव्हता."
एवढं बोलून ती सुकटीतले खडे निवडते.

तुळशीचं लग्न लागलं की
माझ्या वहीत अकरा तारखा आहेत.
मुहूर्ताला पुढचं मॉडेल नसतं.

ऐरोलीच्या विश्राम कडूनं धंदा सोडला.
आता विमानतळाची भाडी मारतो.
त्याची बॉडी माझ्याच मॉडेलची,
चाळीस सांगितले, छत्तीसला दिली, वर चहा पाजला.
म्हणजे नवीन घेणं नाही
आणि थांबणंही नाही;
लखानी ऐकतील तर कपाळाला हात लावतील.
पण माझ्या लेन्स तिला बसतात, बॅटऱ्या चालतात,
आणि मांडवातली वीज गेली तरी
कुठलं बटण कुठे, हे बोटांना पाठ आहे.
घरी दोन्ही खांद्यांवर पट्टे घालून
आरशासमोर उभा राहिलो.
उजवा खांदा मुरलेला.
डावा नव्या सुनेसारखा आखडून.

रात्री मेनू चाळताना सापडलं:
मालकाचं नाव, विश्राम कडू.
गाडी विकताना आरशाला लटकणारा गणपती
माणूस काढून घेतो.
हे काढायचं त्याला सुचलं नसेल.
खोडायला गेलो. शेवटून एकेक अक्षर खोडावं लागतं.
आडनाव गेलं.
विश्रामपाशी बोट थांबलं.

दिवाळीनंतर लखानींचा फोन येईल.
बघायला जाईनच मी,
खोटं कशाला बोलू.

आतून आई ओरडली, "दिवा मालव आता."