शिवणीतली माया

आमच्या गावाचं नाव वूच, म्हणजे होडी.
नद्या मात्र गिरण्यांच्या काळातच
रस्त्यांखाली गाडल्या गेल्या.
ट्राम निघून गेली की कधी कधी वाटतं
पायाखाली काहीतरी वाहतंय.
कोणी विचारलंच, तर आजार मी असा सांगते.

माझं दुकान तळघरात.
खिडकीतून दिसतात फक्त चालणारे पाय.
लोक घेऊन येतात
घटस्फोटानंतर सैल झालेल्या विजारी,
बाळंतपणानंतर न लागणारे हुक,
मेलेल्या भावाचा कोट, धाकट्याच्या मापाला.
मी काही विचारत नाही.
तोंडात टाचण्या धरल्या की बोलावं लागत नाही,
हा या धंद्याचा मोठा फायदा.

त्या फेब्रुवारीत कात्री उचलली जात नव्हती.
नऊ दिवस एकच बाही.
शेवटी हल्शका आली, माझी बहीण,
तिने माझे केस धुतले
आणि डॉक्टर कोस्त्शेवांसमोर नेऊन बसवलं.
गोळी सुरू झाली. सहाव्या आठवड्यात
रेडिओवरच्या हवामानाच्या अंदाजावर मी चिडले.
चिडता आलं!
हल्शका भांडी विसळता विसळता रडली.

मग भूक आली.
माझी नव्हती ती.
रात्री साडेनऊला यायची, भाडेकरणीसारखी,
स्वतःची किल्ली घेऊन.
पाव, लोणी, खसखशीची गोड वळकटी,
उभ्याउभ्या, फ्रिजच्या उजेडात.
सात महिन्यांत अकरा किलो.
"तब्येत सुधारली हं तुझी!" म्हणाल्या शेजारच्या रेगिनाबाई,
आणि त्यांचं बरोबरच होतं,
दोन्ही अर्थांनी.

ऑक्टोबरात मी कापडाच्या कात्रीनं
गोळी अर्धी केली. कोणाला न सांगता.
दीड किलो उतरले.
मग दोरे उतरले.
काळा आणि गडद निळा सारखेच दिसू लागले,
आणि एका म्हाताऱ्याचा काळा कोट
मी निळ्यानं शिवून दिला.
तो म्हणाला, चालेल की.
मला नाही चाललं.
दुसऱ्या दिवशी कोस्त्शेवाबाईंपुढे
सगळं ओकून मोकळी झाले.

त्या रागावल्या नाहीत.
म्हणाल्या, गोळीला हात लावायचा तर दोघींनी मिळून.
दुसरं औषध आहे, हळूहळू बदलू,
त्यानंही काहींचं वजन वाढतं. वचन देत नाही.
मला आवडलं ते.
मीही कुठे देते,
धुतल्यावर कापड आटणार नाही म्हणून?

तर सध्या असं चाललंय.
वजनकाटा हल्शकाकडे, महिन्यातून एकदा भेटतो.
घरी जाताना ट्रामचे तीन थांबे पायी.
साडेनऊच्या त्या बाईला
कुट्टूची खिचडी वाढते, गरम, ताटात, बसवून.
ती म्हणते, गोड काही?
मी म्हणते, रविवारी.
कधी ऐकते.
गेल्या मंगळवारी नाही ऐकलं.

काल दुकान बंद करून
स्वतःच्याच कमरेला टेप लावली.
गिऱ्हाइकाचा असता तर तो आकडा
वहीत लिहून विसरले असते.
तसंच केलं.
आईनं शिवलेला हिरवा झगा काढला
आणि बाजूची शिवण उसवली.
आत दोन्हीकडे दोन-दोन बोटं माया.
कशासाठी ठेवली होती कोण जाणे,
मी तेव्हा एकोणीस वर्षांची, काडीसारखी.
कापड महाग होतं, इतकंच असेल.
झाकलेला हिरवा बाहेरच्याहून गडद निघाला,
ऊन न लागलेला.
नवी शिवण घातली तर दोन्ही बाजूंना
त्याची पट्टी दिसते.
दिसू दे.

खिडकीत पाय चाललेत. कोणाचे तरी बूट भिजलेत,
एका कुत्र्याचेही चार पाय, घाईत.
पाचला मीही निघेन.
तीन थांबे.
खाली नदी असेल तर असेल.