दाब. सोड.

झेकेरिया उस्ता डाव्या कानानं बहिरे,
म्हणून उजवा ते फार जपून वापरत.
लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला,
लाकडी मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे बंद.
आत बसलेल्या मला हुकूम एकच:
दाब. सोड. दाब.
अरे, सोड म्हटलं ना.

मी चौदाचा. पाय जेमतेम पोचायचा.
गिरेसुनमधल्या त्या गॅरेजांच्या गल्लीतून
समुद्र दिसत नसे,
पण पत्र्यांवरचा गंज त्याचाच.

उस्तांची बाराखडी अशी:
गाडी न्यूट्रलला, पाय वर, आणि घरघर;
पेडल दाबताच गप्प
तर दुखणं गिअरबॉक्सच्या तोंडाशी, पहिल्या शाफ्टच्या बेअरिंगला.
उलट, पाय ठेवला रे ठेवला की चिरचिर
तर रिलीज बेअरिंग. त्याचं ग्रीस आटलंय.
ते बापडं दाबल्याशिवाय बोलत नाही.
दुसऱ्यात टाकताना खर्रकन् झालं
तर पितळी रिंग झिजली,
म्हणजे मालक वीस वर्षं घाईत होता.
तिसऱ्यात रडते, चौथ्यात नाही?
तिसऱ्याचे दात बघ.

आणि सगळ्यातच वाजत असेल तर?
तर आधी डिकी उघड, मूर्खा.
जॅक सुटलेला असतो.

त्या सप्टेंबरात नाझमिये हानम आल्या,
मोहरीच्या रंगाची मुरात १२४ घेऊन.
सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई.
लाइनवरची खरखर ऐकून
कुठल्या डोंगरात तार ओली झालीय ते सांगायची म्हणे.
आवाज कसा येतो, विचारलं
तर तिनं पर्स बॉनेटवर ठेवली
आणि जिभेनं काढून दाखवला:
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक् टक्, वळणावर जास्त.
शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं काच वर करून पाहिलं.

दाब. सोड.
पेडल खाली, टक्.
पेडल वर, टक्.
मग दोन्हीकडे काहीच नाही.
बाराखडीत न बसणारं अक्षर.
उस्ता उठले, गुडघे झटकले,
म्हणाले, रिलीज बेअरिंग.

"नाही," बाई म्हणाल्या.
"बेअरिंग जागच्या जागी कुरकुरतं.
हे सुटं आहे.
आत काहीतरी सुटं फिरतंय."

उस्तांनी मला पाना आणायला सांगितला.
त्या दिवशी तीन वेळा, चुकीच्या मापाचा.

गिअरबॉक्स खाली घ्यायला दुपार गेली.
त्याचं वजन मी छातीवर पेललं,
तोंडात काळं तेल,
कानात उस्तांच्या शिव्या, फियाटला, समुद्राला, मला.
आणि घंटेच्या आकाराचं ते कव्हर सुटून आलं
तशी त्यातून गडगडत आली
हेझलनट.
एक. तीन. मोजली तर अकरा.
शिवाय सीटच्या कापसाचं चिमुकलं अंथरूण.
क्लचच्या काट्यावरचं रबर कुरतडलेलं.
डोंगरउतारावर झाडणी चालू होती,
गाडी बागेच्या कडेला उभी राहायची,
आणि एका उंदरानं हिवाळ्याचा हिशोब
फ्लायव्हीलशेजारी मांडला होता.
एक दाणा तर फिरून फिरून
इतका गुळगुळीत, जसा तसबीतला मणी.

बेअरिंग उस्तांनी बोटावर फिरवून पाहिलं.
हूं की चूं नाही.
तरी नवं घातलं. उघडलंच आहे, तर.
बिलात लिहिलं,
मग खोडलं, इतकं जोरात
की कागद फाटला.

संध्याकाळी बाई चाकामागे बसल्या.
दाबलं. सोडलं.
गल्लीला चक्कर मारून आल्या,
काच खाली केली.
"टक् गेलं," म्हणाल्या.
"पण ते गेलं म्हणून आता दुसरं ऐकू येतंय.
बारीक, रडल्यासारखं. फक्त तिसऱ्यात."

उस्ता हात पुसत होते.
त्यांनी सावकाश मान वळवली
आणि तिच्याकडे
डावा कान केला.