साडेअकरा इंच

प्रसन्नला सातवीत बक्षीस मिळालेला पृथ्वीगोल
अजून मशीनच्या वरच्या फळीवर आहे.
ध्रुवाशी पोचा आलेला,
त्यातला एक देश तर आता त्या नावाचा उरलेलाही नाही.

नेरूळ, सेक्टर दहा, गाळा नंबर चार.
दुपारी गिऱ्हाईक नसतं.
मी टेप घेते, पर्थवर शून्य धरते
आणि टोरोंटोपर्यंत ओढते.
साडेअकरा इंच.
कोपराला येणारी बाही.

नेटवर वेगळं सांगतात:
अठरा हजार किलोमीटर, विमान बदला,
तीस तास धरून चाला.
तेवढ्या वेळात मी लग्नघरातले
बारा ब्लाउज उरकते, अस्तरासकट.

हे गेले तेव्हा वृषाली विमानात होती.
मधेच कुठेतरी पुढचं विमान चुकलं.
इकडे गुरुजी घड्याळ बघत होते,
बर्फाचं पाणी फरशीवरून दारापर्यंत आलं होतं,
आदल्या रात्री पोचलेला प्रसन्न म्हणाला,
आता नको थांबायला.
सारसोळेहून परतून आंघोळी केल्या
आणि खाली टॅक्सी थांबली.
तिने बॅग खांद्यावरून उतरवली नाही.
त्याच्या ओल्या केसांकडे बघितलं
आणि एवढंच विचारलं,
"दोन तास?"

चार वर्षं झाली.

मार्चपासून दिवाळीपर्यंत एक गंमत असते.
पहाटे साडेपाचला मी दूध तापवते
तेव्हा दोघांच्या घड्याळात आठच वाजलेले असतात,
त्याचे सकाळचे, तिचे रात्रीचे.
तो डबे भरत असतो, ती भांडी पुसत असते.
आधी त्याला फोन, मग तिला.
"तिकडे बरंय ना सगळं?"
दोघंही विचारतात, शेवटी, ठेवता ठेवता.
तिकडे म्हणजे कुठे, मी विचारत नाही.
बरंय म्हणते.
दूध एकदा उतू गेलं तेवढ्यात.

काल पुन्हा टेप लावली, या वेळी वळसा घालून.
पर्थहून इथे, आपल्या खाडीपाशी: पावणेपाच.
इथून टोरोंटो: पावणेआठ.
खडूने टेबलावर बेरीज मांडली,
पुसली, परत मांडली.
माझ्यावरून गेलं
तर एकच इंच जास्त.

एक इंच काही फार नाही.
कापड बेतताना तेवढं आम्ही आत सोडतोच,
पुढेमागे उसवून सैल करता यावं म्हणून.
माया म्हणतात त्याला.

उलव्याच्या बाजूने एक विमान उठलं,
खिडकीची काच थोडी वाजली.
दारात तीन नंबरच्या सोसायटीतल्या तांडेलबाई,
हातात पिशवी, चेहरा पडलेला.
भाचीच्या साखरपुड्याला घालायचाय आणि चढतच नाही म्हणाल्या.
मी ब्लाउज उलटा केला,
बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.
"आहे," म्हटलं, "आत आहे अजून.
संध्याकाळी या."