तीन दिवस, अंधारात

सासूबाई अजून दारातच विचारतात,
हात धुतलेस?
धुतले. दोनदा, कार्बोलिक साबणानं.
तरी मी पुन्हा धुते.
पंधरा वर्षांत त्यांनी विचारलं नाही
तिथे मी करते काय.

तिथे मी बाटल्या भरते.
तीनशे मिलिलिटरच्या, काचेच्या, तिरक्या बुचाच्या,
आत एक बुडबुडा राहता कामा नये.
मग सत्तावीस अंशांवर, बंद कपाटात
ठेवून देते बडोद्याचं पाणी
तीन दिवस, अंधारात,
आणि चौथ्या दिवशी मोजते
त्यानं किती श्वास खाल्ला.
एवढंच.
ज्याची भूक मोठी ते पाणी घाण;
नदीत सोडलं तर ते माशांच्या तोंडचा
घास नाही, श्वास पळवतं.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी,
सगळ्यांच्या मोऱ्या शेवटी माझ्याकडे येतात.
मला कळतं सगळं.
पितृपक्षात तेल वाढतं.
नवरात्रात रात्री दोनला एकाएकी लोंढा येतो:
गरबा सुटला, अख्खं शहर पाय धुतंय.
उत्तरायणानंतर दोन दिवस
जाळीत नुसता मांजा.
जाळीवर जशुभाई असतो, दाताळं घेऊन.
शाम्पूच्या पुड्या, बाहुलीचा हात,
एकदा मंगळसूत्र निघालं. खोटंच होतं.
तरी त्यानं ते धुऊन आठवडाभर
खिळ्याला टांगून ठेवलं,
कुणी शोधत आलं तर.

खरं काम आम्ही करतच नाही.
टाकीतला एक थेंब काचपट्टीवर घ्या:
देठावर उभ्या इवल्या घंटा,
दचकल्या की देठ आखडतो,
पुन्हा उलगडतो, पुन्हा खाणं सुरू.
पंगत त्यांची.
आम्ही फक्त खालून वारा घालतो
रात्रंदिवस, लोखंडी फुफ्फुसांनी.

भाद्रपदात एका रात्री ब्लोअर बसला.
बेअरिंग गेलं होतं. सहा तास.
इतकं शांत झालं की कुंपणापलीकडचे
बेडूक ऐकू आले, पहिल्यांदाच.
टाकी तपकिरीची राखाडी झाली,
राखाडीची काळी,
मग तिला कुजक्या अंड्याचा वास फुटला.
जशुभाई काठावर उकिडवा बसून होता.
बोलला नाही. विडीही पेटवली नाही.

तीन दिवसांनी कपाट उघडलं.
शेहेचाळीस.
पारेखसाहेब म्हणाले, बेन, अढार लखी नाखो ने.
आवाज इतका गोड,
जणू मुलीच्या लग्नाची पत्रिका देतायत.
मी शेहेचाळीस लिहिलं.
यात शौर्यबिर्य काही नव्हतं, हात कापत होता,
सहाचा आकडा अजून वाकडा दिसतो वहीत.
पण ते पाणी तर केव्हाच
विश्वामित्रीत जाऊन पोचलं होतं,
तिथे जाऊन कुणी खाडाखोड करायची?

पुढचे दोन महिने माझी रात्रपाळी लागली.
असो.

आता थंडी पडलीय.
सकाळी घरी जाताना पुलावर स्कूटर थांबवते.
खाली आमच्या पाइपचं पाणी,
चहाच्या दुसऱ्या वाफेइतकं फिकट.
शेजारून एक नाला येतो
कुठल्याच जाळीला न भेटता,
कुणी त्याला बाटलीत भरलेलं नाही.
दोन्ही पाणी थोडा वेळ शेजारी शेजारी वाहतात,
मध्ये एक रेघ.
वळणापर्यंत दिसते, मग दिसत नाही.

आणि मगर.
जबडा उघडा ठेवून उन्हाला पडलेली,
देवासारखी, पुतळ्यासारखी, छे,
मगरीसारखीच.
ती रेघेच्या कुठल्या बाजूला आहे
ते मी रोज बघते.
काल पलीकडे होती.
आज आमच्या बाजूला आहे.
याची नोंद कुठल्या रकान्यात करायची
ते वहीत छापलेलं नाही.