खळग्याचा ठसा

सरांच्या कचेरीत, दारामागे,
विलायतेतला एक सरदार टांगलेला आहे:
साडेपाच फूट, काळाकुट्ट, पायाशी सिंह.
लवंदे सर विद्यार्थी असताना
कुठल्याशा थंडगार चर्चमध्ये, गुडघ्यांवर बसून
त्यांनी तो घासून काढला.
तिथे पितळ होतं. पितळ काळं उमटतं,
कोरलेली रेघ पांढरी राहते,
एवढं शिकवून त्यांनी मला चोडणला पाठवलं.

मेण म्हापशाच्या मोच्याकडचं, टाचेला लावायचं.
कागद पणजीचा, बारा मीटर गुंडाळी.
ती पाठीला आडवी बांधून मयेच्या बाजूने स्कूटरवर आले,
पुलावर वाऱ्याने मला दोनदा फिरवलं.

इगर्जीत इनास साक्रिस्तांव बाक सरकवून मोकळा.
"सांबाळ बाय," म्हणाला, "ती लादी हालता."
आणि मेणबत्त्यांचे बुडखे खरवडायला निघून गेला.

लादीच्या कडेने अक्षरं: आकी जाझ,
इथे निजली आहे, दोना
आणि पुढे नाव नाही.
फेस्ताच्या करकरीत बुटांनी,
रोजच्या अनवाणी टाचांनी
ते थोडं थोडं करून घरी नेलं.

मधोमध पितळ असायला हवं होतं.
खळगा होता. नखभर खोल,
तीन भोकं, एकात शिसं अजून चिकटलेलं.
कुणी उपटलं, कधी, इनासला ठाऊक नाही.
त्याच्या बापालाही नव्हतं.

मी कागद ताणून चिकटवला आणि घासत सुटले.
दगड काळा होत गेला
आणि काळ्यातून ती आली, न घासलेली:
डोक्यावरची ओढणी,
बाहेर आलेली दोन्ही कोपरं, म्हणजे हात जोडलेले असणार,
झग्याचा घोळ, पायाशी काहीतरी लहान,
कुत्रं असेल, उशी असेल,
मूलही असेल.
तोंड नाही.
जिथे जिथे ती होती
तिथे माझं मेण पोचलंच नाही.

सर अहवालात लिहितील: पितळी प्रतिमा, गहाळ.

संध्याकाळी डिचोलीला, बाबांची भट्टी निवल्यावर,
जमिनीवर कागद उलगडला.
विचारलं, इगर्ज्यांतलं पितळ यायचं का मोडीत?
"सगळंच यायचं. घंटांचे तुकडे, बंबाचे नळ,
फिरंग्यांची बटणं. वहीत वजन लिहायचे आजोबा.
कुठून, ते नाही."

मग वाकून वितीने मोजलं तिला,
पाच वीत उंच, दीड रुंद,
ओठांतल्या ओठांत हिशेब केला.
"सुतभर जाडी धरली तर पाचेक किलो.
एक मोठी समई, एक पंचारती. थोडं उरेल."
उरलेल्याचं काय?
"पुढच्या ओतकामात.
उरलेलं कधी वेगळं राहत नाही."

देवघरातली समई तेव्हा पेटलेली होती.
मी तिकडे पाहिलं नाही.

दिव्याचं बटण पलीकडच्या भिंतीवर.
सरळ गेलं तर चार पावलं, कागदावरून.
बाबा ऐरणीला, मग कोळशाच्या पोत्यांना
वळसा घालून गेले,
चपला हातात घेऊन.