मंजिष्ठ

डबीवर एवढंच होतं :
स्त्री. वय एकाहत्तर. डाव्या खुब्याचं हाड.
नाव पुसलेलं, नियमाप्रमाणे.
ऑपरेशनच्या मजल्यावरून डब्या आणणारा रादेक
जाता जाता म्हणाला,
भूल चढण्याआधी विचारत होती म्हणे,
काढलेलं हाड वाया नाही ना जाणार?

वूच शहरात असं विचारणारी बाई
गिरणीतलीच असणार, मी ठरवून टाकलं.
चिंध्यासुद्धा तोलून परत देणारी.
चार-चार मागांमधून चाळीस वर्षं चालून
हाडाची काडं केलेली.
आता खरोखरच मी तिच्या हाडाची काडं करत बसले,
चिमट्यानं, तांदळाच्या कणीएवढी.
बशीत मांडली, वर गुलाबी पाणी,
सदतीस अंशांच्या कपाटात ठेवून
दार लावलं.

आठ दिवस काही नाही.
नवव्या दिवशी एका कणीच्या कडेनं
एक पेशी बाहेर आली,
पाळी सुटल्यावर फाटकातून पहिली बाई यावी तशी,
जरा थांबून, रस्ता बघत.
मग दोघी.
मग लोंढा.

दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं.
ईस्टरच्या सोमवारीही आले,
पोरं चौकाचौकात बादल्या घेऊन उभी,
येईल जाईल त्याला भिजवत होती.
निथळत्या केसांनी मी कपाट उघडलं,
म्हटलं, घ्या, तुमचाही सण.

हाड म्हणजे दगड, असं वाटायचं मला.
तसं नसतं. आधी धागा.
आधी या धागा घालतात, उभा, आडवा,
मग त्यात चुना भरतात, दाणा दाणा,
कुणी न सांगता.
पेलायला अंग नाही,
या बशीत कुणाला उभं राहायचं नाही,
तरी.

एकविसाव्या दिवशी बघायचं, जमलं का.
बघायचं तर आधी मारायचं.
नव्या पोरांना हे मी पहिल्याच दिवशी सांगते, सरळ आवाजात.
कालिना नावाची एक
बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली होती.
दहा मिनिटं औषध.
पेशी जागच्या जागी थांबल्या,
हातातला धागा हातात.
मग रंग ओतला.
जिथे चुना, तिथे लाल.
बाकीचं धुऊन गेलं.

ती बाई बहुधा तेव्हा काठी न घेता
जिना उतरत असेल, नव्या टायटॅनियमवर.
किंवा बटाटे सोलत असेल.
किंवा मागांशी तिचा काही संबंधच नसेल,
पोस्टात असेल, शाळेत असेल.
मला कसं कळणार.

बाहीला डाग लागला.
घरी आईनं बाही दिव्याखाली धरली.
आई रंगखात्यातली, तीस वर्षं,
नखं अजून नितळ झालेली नाहीत.
हा मंजिष्ठेच्या जातीचा, म्हणाली,
तुरटीशिवाय धरत नाही. कुणी लावली?

तुरटी नव्हती गं. चुना होता.

कुणाचा?

मी बादलीत पाणी सोडलं.